एक्स्प्रेस वेवर गाडी पेटली तर: बंब येईपर्यंत काय करायचं आणि आल्यावर आम्ही काय करतो

पेटलेल्या गाडीसाठी बंब निघतो तेव्हा ती गाडी वाचेल अशी आशा आम्ही सहसा धरत नाही. एक्स्प्रेस वेवर अंतरं लांब, घाटात वाहतूक तुंबलेली, आणि बॉनेटखालची आग काही मिनिटांतच डॅशबोर्डमागून आत शिरते. आम्ही निघतो ते आत कुणी अडकलं असेल तर त्याला बाहेर काढायला, आग शेजारच्या ट्रकला किंवा डोंगरावरच्या गवताला लागू नये म्हणून, आणि रस्ता पुन्हा चालू व्हावा म्हणून. गाडीतल्या माणसांचं काय होणार, हे बहुतेक वेळा बंब पोचायच्या आधीच ठरलेलं असतं. ते ठरतं गाडीतल्या लोकांच्या हातून आणि मागे अडकलेल्या गाड्यांमधल्या लोकांच्या हातून. म्हणून हे लिहितोय.

मी नगरपालिकेच्या अग्निशमन दलात ड्रायव्हर-ऑपरेटर होतो. बंब चालवायचा, आणि जागेवर पोचलं की पंप चालवायचा. ब्रांच, म्हणजे पाइपाच्या टोकाची तोटी, धरून पुढे गेलेल्या जवानाला पाणी कमी पडू द्यायचं नाही, हे माझं काम. नोकरी घाटाच्या पायथ्याला झाली, त्यामुळे मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेचे कॉल नेहमीचेच. आता निवृत्त आहे, पण घरातलं कुणी पुण्याला निघालं की हे सगळं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

धूर दिसला की

चढावर बॉनेटच्या फटीतून पांढरं काही निघालं म्हणजे प्रत्येक वेळी आग नसते. रेडिएटरची वाफ हवेत लगेच विरते, कूलंटमुळे तिला गोडसर वास असतो, आणि टेम्परेचरचा काटा आधीच वर गेलेला असतो. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, थंड होऊ द्या. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. पण धूर करडा किंवा काळा असेल, घशाला लागत असेल, जळक्या वायरचा किंवा प्लास्टिकचा वास येत असेल, तर ती आग आहे असंच धरून चाला. उतारावरचा वास आणखी वेगळा. खंडाळ्याहून खाली येताना सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेकचे लायनर तापतात, चाकांतून जळका वास येतो आणि मग धूर. लोड गाड्यांमध्ये हे फार. अशा वेळी थांबा, पण चाकाच्या बाजूला अगदी जवळ जाऊन वाकून बघू नका. तापलेला टायर फुटला तर त्याचा मारा बाजूलाच बसतो. उतार खालच्या गिअरमध्ये उतरायचा, हे सगळ्या ड्रायव्हरांना माहीत असतं आणि घाईत तेच राहून जातं.

आग आहे असं वाटलं की इंडिकेटर देऊन डावीकडे शोल्डरवर, म्हणजे लेनच्या बाहेरच्या कडेच्या पट्टीवर, या. ‘टोल नाक्यापर्यंत नेऊ, तिथं मदत मिळेल’ असं म्हणू नका. गाडी चालू असेपर्यंत फ्युएल पंप इंजिनाकडे पेट्रोल ढकलत असतो आणि समोरून येणारा वारा आगीला भाता घालतो. शोल्डरवरही जागा बघून थांबा. डिसेंबरपासून पहिल्या पावसापर्यंत रस्त्याकडेचं गवत वाळलेलं असतं, त्यावर चाक चढवू नका. नाही तर गाडीबरोबर डोंगरही पेटतो. फक्त बोगद्यात थांबायचं नाही. भाताण, माडप, कामशेत अशा कुठल्याही बोगद्यात असाल आणि गाडी चालते आहे तोवर बाहेर पडा. बोगद्यात माणूस ज्वाळेआधी धुरानं मरतो.

थांबल्यावर इंजिन बंद करण्याआधी एक काम आहे. सगळ्या दारांची लॉक उघडा आणि शक्य तर काचा खाली घ्या. वायरिंग जळालं की सेंट्रल लॉक आणि पॉवर विंडो दोन्ही बंद पडतात आणि माणसं धडधाकट असूनही आत कोंडतात. मग इंजिन बंद, हँडब्रेक, आणि खाली. मागच्या दारांना लहान मुलांसाठी चाइल्ड लॉक लावलेलं असतं, ते दार आतून उघडत नाही हे आईवडिलांच्याही त्या वेळी लक्षात येत नाही. पुढे बसलेल्यानं उतरून बाहेरून ते दार उघडायचं. सगळ्यांनी डाव्या बाजूनं उतरायचं. उजवीकडे रस्ता आहे, आणि धूर बघत येणाऱ्या मागच्या ड्रायव्हरला तुम्ही दिसत नसता.

दार जाम झालं तर बाजूची काच फोडा. पुढची काच फोडण्यात शक्ती घालवू नका, ती दोन थरांची असते, तडकते पण सुटत नाही. बाजूच्या काचेच्या मधोमध मारून काही होत नाही. कोपऱ्यात, टोकदार वस्तूनं मारायचं. सीटचं हेडरेस्ट उपसलं की त्याच्या लोखंडी दांड्या हाताशी येतात. बाजारात काच फोडायचा छोटा हातोडा मिळतो, त्यालाच बेल्ट कापायचं पातं असतं. तो हाताला लागेल असा ठेवा, डिकीत नको.

बाहेर आलात की क्रॅश बॅरिअरच्या पलीकडे जा. पलीकडे दरी नाही ना, एवढं आधी बघा. मग गाडीपासून निदान तीस मीटर लांब, आणि घाटात असाल तर चढाच्या बाजूला. उताराच्या बाजूला उभं राहू नका. टाकी फुटली की पेट्रोल जळत जळत उतारानं आणि गटारानं खाली येतं. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिलात आणि धूर तुमच्यापासून लांब जाताना दिसला, तर जागा बरोबर आहे. बॅग, लॅपटॉप, लग्नाचे दागिने, काहीही असो, परत जायचं नाही. सिनेमात दाखवतात तशी कार एकदम बॉम्बसारखी उडत नाही, हे खरं. पण बॉनेट आणि डिकी उचलून धरणारे गॅसचे दांडे, एअरबॅगची नळकांडी, टायर, बंपरमागचे शॉक ॲब्सॉर्बर तापले की सुटतात आणि भाल्यासारखे येतात. म्हणूनच आमचे जवानही गाडीच्या सरळ पुढून किंवा सरळ मागून जात नाहीत, कोपऱ्याकडून तिरके जातात.

छोटा सिलिंडर कधी वापरायचा

कारमध्ये एक-दोन किलोचा ड्राय पावडरचा सिलिंडर असावा, असं मी प्रत्येकाला सांगतो. आयएसआय मार्क बघून घ्या आणि काटा हिरव्या पट्ट्यात आहे का बघा. गाडीच्या हादऱ्यांनी पावडर तळाला बसून घट्ट होते, म्हणून महिन्यातून एकदा सिलिंडर उलटा करून चांगला हलवा. जागा ड्रायव्हरच्या सीटखाली किंवा शेजारी. सामानाखाली दाबलेला सिलिंडर असून नसल्यासारखाच.

किलोभराच्या सिलिंडरची फवारणी आठ-दहा सेकंदांत संपते. त्यामुळे तो फक्त सुरुवातीच्या आगीसाठी, आणि सगळे उतरल्यानंतरच. बॉनेट पूर्ण उघडायचं नाही. उघडलंत की हवा एकदम आत जाते आणि भडका थेट तोंडावर येतो. आतला खटका ओढा, बॉनेट पहिल्या लॅचपर्यंत सुटेल, बोटभर फट पडेल. त्या फटीतून, पुढच्या जाळीतून किंवा चाकावरच्या मोकळ्या जागेतून पावडर मारा. पिन काढा, तोंड ज्वाळेच्या शेंड्याकडे नाही तर मुळाकडे धरा, दाबा, आणि डावी-उजवीकडे फिरवा. पळायची वाट पाठीमागे मोकळी ठेवा. बॉनेटचा रंग फुगायला लागला असेल किंवा आग आत सीटपर्यंत आली असेल, तर सिलिंडरला हातही लावू नका. मारलात आणि सिलिंडर संपेपर्यंत विझली नाही, तरी तिथंच सोडा. बाटलीतलं पाणी पेट्रोलच्या किंवा ऑइलच्या आगीवर टाकू नका. पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते.

फोनवर काय सांगायचं

११२ लावा. फोन उचलणारा तुमच्या जवळच्या ठाण्यात बसलेला नसतो. ‘घाटात, मोठ्या वळणापाशी’ म्हटलं तर त्याला काही उमगत नाही. एक्स्प्रेस वे कळंबोलीपासून किवळ्यापर्यंत ९४.५ किलोमीटरचा आहे, आणि आकडे पुण्याकडे वाढत जातात. रस्त्याकडेच्या फलकावरचा किलोमीटर वाचून सांगा. फलक दिसत नसेल तर मागे टाकलेला टोल नाका, बोगदा किंवा एक्झिट सांगा. एक्स्प्रेस वेच्या हेल्पलाइनचा नंबरही वाटेतल्या फलकांवर असतो. निघतानाच तो फोनमध्ये घालून ठेवा.

आणि लेन सांगा: मुंबई लेन (मुंबईकडे जाणारी बाजू) की पुणे लेन. माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची माहिती हीच. मधे दुभाजक आहे, वाटेल तिथं वळता येत नाही. पुणे लेनवर, चढाला गाडी पेटली असेल तर खोपोलीकडून निघालेला बंब सरळ वर येतो. तीच गाडी मुंबई लेनवर, उताराला असेल, तर खालून निघालेल्या बंबाला आधी वर जाऊन वळून यावं लागतं, नाही तर पोलिसांनी वाहतूक थांबवून उलट्या दिशेनं सोडावं लागतं. तिथं लोणावळ्याकडचा बंब लवकर पोचतो. ‘मुंबई-पुणे रोडवर आग’ एवढाच निरोप आला की कुठला बंब कुठून काढायचा, इथंच मिनिटं जातात. आणखी एक घोटाळा नेहमीचा: जुना हायवे की एक्स्प्रेस वे? घाटात दोन्ही जवळजवळ आहेत, काही ठिकाणी एकच. तेही स्पष्ट बोला.

मग सांगायचं ते वाहन कुठलं, आणि आत कुणी आहे का. ‘कार आहे, सीएनजी आहे, सगळे बाहेर आलेत’ हे एवढं वाक्य ऐकलं की आमचा इन्चार्ज गाडीत बसल्या बसल्या कामाची वाटणी करतो. इलेक्ट्रिक असेल तर ते आवर्जून सांगा. फोन आधी तुम्ही ठेवू नका, समोरच्याला ठेवू द्या. चार जणांनी आधीच फोन केला असेल असं समजून गप्पही बसू नका.

मागे अडकलात तर

इथं मला जास्त बोलायचं आहे, कारण बंबाच्या स्टिअरिंगवरून मी हेच बघत आलो. पुढे धूर दिसतो, तिन्ही लेन थांबतात, आणि दोन मिनिटांत कुणी तरी शोल्डरवर गाडी घालतो. त्याच्यामागे दुसरा, मग एक बस. झालं. बंबाला, रुग्णवाहिकेला आणि क्रेनला जायला जी एकच वाट होती ती बंद. सायरन कितीही वाजवला तरी शोल्डरवरच्या बसला सरकायला जागाच उरलेली नसते. अशा वेळी आमचे जवान होज, म्हणजे पाण्याचे पाइप, खांद्यावर घेऊन, जड बूट आणि कोट घालून, गाड्यांच्या मधून चढावर पळत पुढे गेलेले आहेत. होजच्या एका लांबीनं काम भागत नाही, एकाला एक जोडत जावं लागतं, आणि जितकी लांबी वाढेल तितका पुढे दाब कमी मिळतो.

शोल्डर मोकळा ठेवा. पुढच्या गाडीला चिकटून थांबू नका. समोर एका गाडीएवढं अंतर असलं की पोलिसांनी सांगितल्यावर तुम्हाला थोडं डावं-उजवं होता येतं आणि मधून वाट निघते. इंजिन बंद करा. गाडी वळवून उलट दिशेनं जाऊ नका, मागून येणाऱ्याला ते कळत नाही. धूर तुमच्या अंगावर येत असेल तर काचा बंद करून बसून राहू नका. गाडी न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक लावा, चावी गाडीतच राहू द्या आणि चालत मागे जा. चावी आत असली की गाडी सरकवता येते. बोगद्यात अडकलात तरी हेच. धुराकडे नाही, धुराच्या उलट दिशेला, भिंतीला धरून, वाकून चाला.

समोरच्या लेनवरच्या लोकांसाठीही एक विनंती. व्हिडिओ काढायला हळू होऊ नका. बघ्यांमुळे चालू असलेली बाजूही तुंबते, आणि कित्येकदा आम्ही त्याच बाजूनं येत असतो.

मदत करणाऱ्यांना पोलिसांच्या चौकशीची भीती वाटते. ती आता बाळगायचं कारण नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४ अ आलं. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल कारवाई होत नाही, आणि त्याच्यावर नाव सांगायची सक्तीही नाही.

बस आणि टँकर

१ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर, बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ, नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली आणि पेटली. २५ प्रवासी गेले. बस दाराच्या बाजूवर आडवी पडली होती, त्यामुळे दार जमिनीखाली. वाचले ते काच फोडून वर आलेले थोडे. त्याच्या आदल्या वर्षी, ८ ऑक्टोबर २०२२ ला नाशिकमध्ये यवतमाळहून मुंबईला निघालेली बस पहाटे ट्रकला धडकून जळाली. दोन्ही वेळा प्रवासी झोपेत होते. म्हणून रात्रीच्या बसमध्ये चढलात की झोपायच्या आधी इमर्जन्सी दार कुठं आहे, छतावरची खिडकी कुठं आहे, काच फोडायचा हातोडा जागेवर लटकवलेला आहे का, हे उठून बघा. हातोडा नसेल तर क्लीनरला विचारा. इमर्जन्सी दारासमोर पार्सलची पोती रचलेली असतील तर ती हलवायला लावा. वाईटपणा येईल, येऊ द्या. चपला-बूट पायाशी ठेवा. काचेवरून अनवाणी पळता येत नाही. बस आडवी पडली तर वर आलेली बाजू हीच वाट, सीटवर पाय देऊन चढायचं, आणि वर आलेल्यानं खालच्याला हात द्यायचा.

टँकरचं सगळंच वेगळं. १३ जून २०२३ ला लोणावळ्याजवळ कुणे पुलावर रसायनाचा टँकर उलटून पेटला, जळतं रसायन पुलावरून खालच्या रस्त्यावर पडलं आणि तिथून जाणारी माणसं त्यात सापडली. चार जण दगावले. जळतं द्रव उताराला, गटारात, पुलाखाली जातं. पुलाखालीही माणसं असू शकतात हे ध्यानात ठेवा. रस्त्यावर सांडलेलं काहीही गोळा करायला जाऊ नका. पाकिस्तानात बहावलपूरजवळ जून २०१७ मध्ये उलटलेल्या टँकरचं पेट्रोल भरायला गर्दी झाली आणि दोनशेवर माणसं जळून मेली.

टँकरच्या मागे आणि बाजूंना एक चौकोनी पाटी असते. तिच्यावर चार आकडी युएन नंबर (आतला माल कुठला ते सांगणारा, जगभर एकच असलेला क्रमांक), धोक्याचं चौकटीतलं चित्र आणि तातडीचा फोन नंबर असतो. १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ डिझेल, १०७५ एलपीजी, १२३० मिथेनॉल, १०१७ क्लोरीन. तुम्ही रसायन ओळखावं अशी अपेक्षा नाही. लांबूनच मोबाइलचा कॅमेरा झूम करून तो आकडा वाचा आणि ११२ ला सांगा. व्हिडिओ काढण्यापेक्षा मोबाइलचा हा उपयोग आम्हाला शंभरपट मोलाचा. फोम लागणार की पाणी चालणार, विषारी वायूसाठी बीए सेट (पाठीवरच्या सिलिंडरमधून श्वास घ्यायची साधनं) किती न्यायचे, पाताळगंगा-रसायनीच्या कारखान्यांकडून फोम टेंडर, म्हणजे फोमचा बंब, मागवायचा का, हे त्या चार आकड्यांवर ठरतं.

गॅसचा टँकर असेल आणि रस्त्यालगत पांढरा ढग पसरत असेल तर तो धूर नाही, गॅस आहे. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरपटतो आणि लांबच्या ठिणगीनं पेटतो. २० डिसेंबर २०२४ च्या पहाटे जयपूर-अजमेर महामार्गावर भांक्रोट्याला टँकरमधून गॅस सुटला आणि आसपासच्या गाड्या माणसांसकट जळाल्या. असा ढग दिसला तर गाडी चालू करू नका, सिगारेट-काडी नको, उतरून वाऱ्याच्या दिशेला आडवं चालत निघा. पेट्रोलच्या टँकरला आग लागली असेल तर निदान ८०० मीटर, गॅसच्या टँकरला आग लागली असेल तर दीड किलोमीटरच्या पुढे. सेफ्टी व्हॉल्व्हचा शिट्टीसारखा आवाज चढत चालला तर आमचा इन्चार्जही जवानांना मागे बोलावतो.

सीएनजी आणि इलेक्ट्रिक

सीएनजीच्या टाकीत २०० बारच्या आसपास दाब असतो. टाकी फुटू नये म्हणून तिला सुरक्षेचा व्हॉल्व्ह असतो. तापला की तो उघडतो आणि मोठ्या आवाजासह ज्वाळेचा सरळ झोत बाहेर पडतो. टाकी बहुधा डिकीत असते, म्हणून सीएनजी गाडीच्या मागे कुणीही उभं राहायचं नाही. तो झोत विझवायच्या भानगडीत पडू नका, गॅस जळून जाऊ द्यायचा असतो.

इलेक्ट्रिक गाडी हिरव्या नंबर प्लेटवरून ओळखा. खालून फुसफुस किंवा फटफट आवाज येऊन पांढरा धूर निघाला की बॅटरी पेटते आहे. हा धूर विषारी असतो, त्यात जाऊ नका. पावडरचा सिलिंडर इथं उपयोगाचा नाही. आग विझली असं वाटल्यावरही काही तासांनी पुन्हा पेटते, म्हणून असली गाडी क्रेननं उचलून नेल्यावर इतर गाड्यांपासून लांब, उघड्यावर ठेवायला आम्ही सांगतो.

बंब पोचल्यावर

आमचा बंब आला की थेट आगीजवळ का लावत नाहीत, असं लोक ओरडून विचारतात. बंब मी लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, जमलं तर चढाला आणि रस्त्यात तिरका लावायचो. तिरका अशासाठी, की मागून कुणी भरधाव आला तर तो बंबावर आदळेल, जवानांवर नाही. चाकांना ठोकळे, हँडब्रेक, मग पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद पंपाला देणारा गिअर, टाकायचा, पंप घ्यायचा.

साध्या वॉटर टेंडरमध्ये, म्हणजे पाण्याच्या बंबात, साडेचार हजार लिटरच्या आसपास पाणी असतं. एका ब्रांचमधून मिनिटाला तीनशे-चारशे लिटर जातं. म्हणजे दहा-पंधरा मिनिटांचा खेळ, आणि एक्स्प्रेस वेवर शेजारी हायड्रंट, म्हणजे बंब भरायचा नळ, नाही. म्हणून पंपाच्या पॅनलपाशी माझी एक नजर प्रेशर गेजवर आणि दुसरी टाकीच्या पाण्याच्या खुणेवर असायची. पुढून ‘वॉटर ऑन’ची हाक आली की डिलिव्हरी व्हॉल्व्ह हळू उघडायचा. एकदम उघडला तर रस्त्यावर चपटी पडलेली होज टणकन ताठ होते आणि ब्रांचवरच्या माणसाला मागे फेकते. होज पायाखाली भरत जाते, तिच्यातली हवा आधी फुसकन बाहेर पडते, मग पाणी. तो आवाज ऐकूनच मी थ्रॉटल वाढवायचो. पेट्रोल किंवा ऑइल सांडलं असेल तर फोमची ब्रांच लावतात, पिकअप ट्यूब फोमच्या कॅनमध्ये सोडतात, आणि फोम जळत्या द्रवावर आपटत नाहीत, बाजूला मारून त्याच्यावर सरकू देतात. म्हणून फोम मारलेल्या जागेवरून चालत जाऊ नका. वरून विझलेलं दिसतं, पण फोमची चादर फाटली की खालचं पुन्हा पेट घेतं.

कॉलवर आम्ही एकटे नसतो. महामार्ग पोलिस वाहतूक धरतात, टोल कंपनी आयआरबीची पेट्रोलिंग, एक्स्प्रेस वेवरची देवदूत आणि डेल्टा फोर्स ही मदत पथकं, १०८ ची रुग्णवाहिका, आणि खोपोलीच्या ‘अपघातग्रस्तांच्या मदतीला’ या संस्थेची माणसं. ही माणसं कुठल्याही वेळी, स्वतःची कामं टाकून येतात, आणि त्यांच्याविषयी मला फार आदर आहे. तुम्ही गाडीचे मालक असाल तर आमच्या इन्चार्जला शोधून तीन गोष्टी सांगा: सगळी माणसं बाहेर आहेत का, इंधन कुठलं, आणि गाडीत सिलिंडर, रंग, फटाके असं काही आहे का. मग बाजूला थांबा. ज्वाळा विझल्यानंतरही आम्ही बराच वेळ सीटचा फोम उकरतो, बॉनेट कटरनं उघडतो, बॅटरीची वायर काढतो. ‘विझली की आता, रस्ता सोडा’ असं मागून कितीही ऐकू आलं तरी ते काम अर्ध्यावर सोडत नाहीत. नंतर ऑइलवर माती किंवा वाळू टाकायची, आणि मग क्रेन.

भाजलेल्या माणसाला

कपड्यानं पेट घेतला असेल तर त्याला पळू देऊ नका. जमिनीवर आडवं करा, लोळवा, जाड सुती चादर किंवा घोंगडी टाका. मग भाजलेल्या जागेवर साधं पाणी ओता, वीस मिनिटं. आजूबाजूच्या गाड्यांमधल्या पिण्याच्या बाटल्या मागून घ्या, लोक देतात. बर्फ नको, टूथपेस्ट, हळद, शाई, तूप काहीही नको. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, कमरेचा पट्टा लगेच काढा, कारण सूज चढते. अंगाला चिकटलेला कपडा ओढू नका. फोड फोडू नका. पाणी ओतून झालं की स्वच्छ, लव नसलेल्या कापडानं सैल झाका आणि उरलेलं अंग उबदार ठेवा. भुवया, नाकातले केस जळलेले असतील, थुंकी काळी असेल किंवा आवाज घोगरा झाला असेल, तर बाहेरून धडधाकट दिसला तरी त्याची श्वासनळी भाजलेली असू शकते. त्याला बसतं ठेवा आणि रुग्णवाहिकेत सगळ्यांत आधी घाला.

निघायच्या आधी

आमच्या बघण्यात आलेल्या बऱ्याच आगींचं मूळ वायरिंगमध्ये होतं. बाहेरून लावलेले दिवे, हॉर्न, मोठे स्पीकर, तेही मूळ वायर सोलून, फ्यूज न घालता जोडलेले. फ्यूज उडतो म्हणून त्या जागी तार गुंडाळली असेल तर ती आजच्या आज काढा. फ्यूज उडतो याचा अर्थ तो तुम्हाला काही सांगतोय. इंजिनावरचं ऑइल सायलेन्सरच्या नळीवर ठिबकत असेल, पेट्रोलचा वास येत असेल, उंदरांनी पाइप कुरतडले असतील, सर्व्हिसिंगनंतर मेकॅनिकचं फडकं आत राहिलं असेल, तर बॉनेट उघडून दोन मिनिटं बघितलं तरी दिसतं. घाट चढायच्या आधी खालापूरच्या नाक्याजवळ थांबून बघा. सीएनजीची टाकी दर तीन वर्षांनी तपासायची असते, ती तारीख प्लेटवर असते. डॅशबोर्डवर बॉडी स्प्रे, सॅनिटायझर, पॉवर बँक उन्हात ठेवू नका.

गाडी जळालीच तर नंतरच्या कागदांसाठी: विमा कंपनी पोलिसांचा पंचनामा आणि अग्निशमन दलाचा दाखला मागते. दाखला ज्या दलाचा बंब आला त्यांच्याकडे अर्ज करून मिळतो. अर्जात तारीख, वेळ, गाडीचा नंबर, किलोमीटर आणि लेन लिहा, सोबत आरसी आणि विम्याची प्रत जोडा. आरसी गाडीबरोबर जळाली असेल तर डिजिलॉकरमधली प्रत काढून द्या. सांगाडा क्रेनवाल्याच्या यार्डात जाईल, त्याची पावती जपून ठेवा, आणि विम्याचा सर्व्हेअर बघून जाईपर्यंत त्यातलं काहीही हलवू देऊ नका.